टाटा विद्युत् कंपन्या

मुंबई शहर व त्याचा परिसर यांना विजेचा ठोक पुरवठा करण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने १९१० ते १९१९ या काळात स्थापन केलेल्या तीन कंपन्यांचे सामुदायिक नाव. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी (१९१०), आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी (१९१६) आणि टाटा पॉवर कंपनी (१९१९) या त्या तीन कंपन्या होत. २००० मध्ये पहिल्या दोन कंपन्या तिसरीत विलीन करण्यात आल्या व तेव्हापासून सर्व व्यवहार टाटा पॉवर या एकाच नावाने चालतो. सह्याद्रीच्या पावसाच्या पाण्यावर वीज निर्माण करण्यापासून या कंपन्यांचा प्रारंभ झाला. पुढे त्या खनिज तेल, नैसर्गिक वायू व कोळसा यांकडे वळल्या आणि एकविसाव्या शतकात वारा व सूर्य या अपारंपरिक उद्‌गमांकडे त्यांनी मोर्चा वळविला. एका प्रदेशापुरत्या मर्यादित असलेल्या वीजसंस्थेचा विस्तार कसा होतो, आणि ‘स्वच्छ’ म्हणविल्या जाणाऱ्या ऊर्जेचीही कोणाला तरी किंमत कशी मोजावी लागते, हे या कंपन्यांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे हिंदुस्थानातील कापड गिरण्यांचे प्रमुख केंद्र बनले होते. या गिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत. त्यांना लागणारा कोळसा मुंबईजवळ कोठेच मिळत नसल्याने तो बंगाल-बिहारच्या खाणींतून रेल्वेने वा समुद्रमार्गे, तर काही प्रमाणात परदेशांतून आणावा लागे. वाहतुकीच्या खर्चामुळे तो महाग पडे आणि गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुराने परळ, लालबाग, भायखळा या वस्त्या काळवंडून जात. धुराचा उपद्रव इतका वाढला होता, की तो आटोक्यात ठेवण्यासाठी मुंबई सरकारला १९१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शहरात १९०५ पासून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी दिव्यांसाठी व ट्रामगाड्यांसाठी वीज पुरवीत होती व ७ मे १९०७ रोजी विजेवरील पहिली ट्राम धावली होती. परंतु त्या कंपनीची वीजही कोळशावरच तयार होत असे आणि गिरण्यांची प्रचंड गरज भागविण्याइतकी तिची क्षमता नव्हती.

मुंबईपासून सु. शंभर किमी.च्या आत सह्याद्रीचा कडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर लोणावळ्याच्या आसपास पावसाळ्याच्या चार महिन्यांत सर्वसाधारणपणे ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. हे पाणी इंद्रायणी, आंध्रा, मुळा इ. नद्यांतून पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला व पुढे कृष्णेला मिळते. कड्याच्या पश्चिमेस मात्र जमीन एकदम सु. पाचशे मी. खाली कोकणात उतरते. माथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेकडे खाली सोडल्यास त्यापासून वीज निर्माण करता येईल, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली व जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी ती उचलून धरली. जमशेटजींच्या हयातीत योजना कागदावरच राहिली. त्यांचे पुत्र दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांनी ती पुढे नेली. प्रारंभीचे भांडवल मुख्यतः देशी संस्थानिक व व्यापारी यांच्याकडून उभे राहिले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या योजनेस उघड पाठिंबा दिला होता.

जलविद्युत् योजना : ७ नोव्हेंबर १९१० रोजी पहिल्या कंपनीची नोंदणी झाली व ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसविण्यात आली. वळवण, लोणावळा व शिरवटा या तीन तलावांत पावसाळ्यातील पाणी साठवून ते कालवे व पोलादी दाबनळ यांच्या द्वारे घाटाखाली खोपोली येथे आणण्यात आले. जलशीर्ष (पाणी ज्या उंचीवरून खाली येते ती उंची) सु. ५२५ मी. असल्याने येथे पेल्टन प्रकारची जलचक्रे बसविण्यात आली. या प्रकारात पाण्याचा झोत चाकाच्या परिघावरील पेल्यांवर आदळून चाक फिरते. पाणी थोडे पण जलशीर्ष मोठे असेल, तेथे हा प्रकार किफायतशीर ठरतो. खोपोली केंद्राचे उद्‌घाटन १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते झाले. तेथून मुंबईपर्यंत त्या काळी अतिशय उच्च समजल्या जाणाऱ्या दाबाने वीज वाहून नेण्यात आली व एकामागून एक गिरण्यांनी आपली वाफेची एंजिने मोडीत काढली.

या योजनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. हिमालयातील नद्यांप्रमाणे सह्याद्रीतील नद्यांना बारमाही पाणी नसते. त्यामुळे चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने वीज निर्माण करावयाची, तर मोठे तलाव बांधणे अपरिहार्य होते. आणि मोठे तलाव म्हणजे खोऱ्यातील सुपीक जमिनी पाण्याखाली जाणे हेही अपरिहार्य होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळशाची टंचाई होऊन त्याच्या किंमती वाढल्या व विजेची मागणी खोपोलीच्या आवाक्याबाहेर गेली. त्यामुळे आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून भिवपुरी येथील केंद्र १९२२ मध्ये, तर मुळशी येथे नीला व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू करण्यात आले. विस्तार व आधुनिकीकरण यांनंतर खोपोलीची क्षमता ७२ मेगॅवॉट (मेवॉ.), भिवपुरीची ७५ मेवॉ. व भिऱ्याची १५० मेवॉ. झाली. गिरण्यांच्या जोडीला रेल्वे हा दुसरा मोठा ग्राहक मिळाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानातील पहिली विजेवरील आगगाडी धावली. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीनेही पुढे आपली निर्मिती थांबवून टाटा कंपन्यांकडून ठोक वीज घेण्यास सुरुवात केली. १९४७ मध्ये ती मुंबई महानगरपालिकेकडे आली, तरी हा संबंध कायम राहिला. अशा रीतीने दोन महायुद्धांच्या दरम्यान मुंबईची बहुतांश वीज पाण्यापासून तयार होत होती.

मुळशी सत्याग्रह : तिसऱ्या योजनेने मात्र एका दीर्घ संघर्षाला जन्म दिला. मुळशी धरणामुळे मावळातील सु. पन्नास गावांची घरे व जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. हे खोरे भातशेतीसाठी प्रसिद्ध होते. सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला उपलब्ध करून दिला. खाजगी कंपनीच्या कामासाठी शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच इतक्या तीव्रतेने पुढे आला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते होत. बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यामुळे मिळाली.

पहिल्या टप्प्यात कंपनीला काम काही काळ स्थगित करावे लागले. पुढे काम पुन्हा सुरू झाल्यावर स्त्रीपुरुष सत्याग्रहींची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. आंदोलनाला अंतर्गत दुबळेपणाही होता. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी सावकारांकडे व पुण्यातील जमीनमालकांकडे गेलेल्या होत्या. त्यांना नुकसानभरपाईत स्वारस्य होते, तर प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. अनेक मालकांनी भरपाई स्वीकारल्यावर लढ्याचा पाया खचला. १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या मजुरांची आगगाडी अडविण्याचा सशस्त्र प्रयत्न केला. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व सत्याग्रह संपुष्टात आला. धरण पूर्ण झाले. परंतु मोठ्या धरणांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या हक्कांसाठी झालेला हा जगातील सर्वांत आधीच्या लढ्यांपैकी एक म्हणून ओळखला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात पुनर्वसनाचा जो विचार व कायदे झाले, त्यांच्या मागे मुळशीची स्मृती होती.

औष्णिक वीज : स्वातंत्र्यानंतर मुंबईची लोकसंख्या व उद्योगधंदे झपाट्याने वाढले. घाटमाथ्यावर पाणी साठविण्यास योग्य अशा जागा संपत आल्या होत्या व पाऊस कमी झालेल्या वर्षी विजेची टंचाई जाणवू लागली होती. १९५४-५५ च्या सुमारास तुर्भे (ट्रॉम्बे) येथे खनिज तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाल्याने त्यांतील अवशिष्ट तेल व वायू यांच्या रूपाने इंधन हाताशी आले. तेथेच समुद्रकाठी औष्णिक केंद्र उभारण्याचे ठरून ६२·५ मेवॉ.चा पहिला संच १९५६ मध्ये सुरू झाला. त्याच जातीच्या आणखी दोन संचांनंतर १९६५ मध्ये १५० मेवॉ.चा चौथा संच आला. येथपासून जलविद्युत् ही कंपन्यांची मुख्य वीज न राहता पूरक वीज बनू लागली.

याच सुमारास सरकारी धोरणही बदलले. १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला व १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावाने नवी वीजनिर्मिती मुख्यत्वे सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. १९६२ पासून कोयनेची व १९६९ पासून तारापूरच्या अणुकेंद्राची वीज राज्याच्या जालकात येऊ लागली. टाटा कंपन्यांना मुंबईपुरता परवाना होता, परंतु राज्यभर विस्तार करण्यास वाव नव्हता. त्यामुळे पुढील तीन दशके या संस्थेचे स्वरूप एका महानगराची वीजसंस्था असेच राहिले. दोन्ही जालके एकमेकांना जोडलेली असल्याने एकाची तूट दुसऱ्याकडून भरून काढता येई. तथापि बाहेरच्या जालकात मोठा बिघाड झाल्यास मुंबईपुरते जालक आपोआप अलग होऊन शहराचा पुरवठा चालू राहावा, अशीही व्यवस्था करण्यात आली. अशा प्रसंगी काही मिनिटांतच सुरू होऊ शकणारे घाटाखालचे जलविद्युत् संच विशेष उपयोगी पडतात.

१९८४ मध्ये तुर्भे येथे ५०० मेवॉ.चा पाचवा संच सुरू झाला. एवढ्या क्षमतेचा हा भारतातील पहिला संच होता. तो कोळसा, तेल व वायू अशा तिन्ही इंधनांवर चालू शकेल, अशी त्याची रचना होती. १९९० मध्ये तेवढ्याच क्षमतेचा सहावा संच आला. दाट वस्तीच्या शहरात कोळसा जाळण्यास नागरिकांचा विरोध होता. तेल शुद्धीकरण, खते व इतर रासायनिक कारखाने यांमुळे चेंबूरचा परिसर आधीच ‘गॅस चेंबर’ म्हणून कुप्रसिद्ध झाला होता. या दबावामुळे उंच धुराडी, राख अडविणारी स्थिरविद्युत् अवक्षेपक यंत्रे व कमी गंधकाचे इंधन यांचा अवलंब करण्यात आला. १९८० नंतरच्या दशकातच पाचव्या संचाच्या धूरवायूंतील सल्फर डाय-ऑक्साइड समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारे संयंत्र बसविण्यात आले. असे संयंत्र भारतात प्रथम येथेच उभारले गेले. समुद्राच्या पाण्यात स्वभावतःच असलेल्या क्षारकतेमुळे हा वायू त्यात शोषला जातो व त्याचे निरुपद्रवी सल्फेटात रूपांतर होते, हे या पद्धतीचे तत्त्व होय. मुंबई हायचा नैसर्गिक वायू उपलब्ध झाल्यावर त्याचाही वापर सुरू झाला. १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेला १८० मेवॉ.चा सातवा संच वायूवरील संयुक्त चक्र पद्धतीचा आहे. या पद्धतीत वायु-टरबाइनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवर वाफ तयार करून तिच्यावर दुसरे टरबाइन चालवितात, त्यामुळे तेवढ्याच इंधनात अधिक वीज मिळते.

उदंचन योजना : औष्णिक संच रात्री मागणी घटली तरी पूर्णपणे बंद करणे परवडत नाही. ही रात्रीची शिलकी वीज वाया जाऊ नये म्हणून १९९० नंतरच्या दशकात भिरा येथे १५० मेवॉ.चा उदंचन संच बसविण्यात आला. तो रात्री शिलकी विजेवर पंपाप्रमाणे चालून खालचे पाणी पुन्हा मुळशी तलावात चढवितो व संध्याकाळी मागणी वाढली, की तेच पाणी खाली सोडून टरबाइनाप्रमाणे वीज निर्माण करतो. चढविण्यास लागणाऱ्या विजेपेक्षा परत मिळणारी वीज कमी असते. परंतु गरजेच्या वेळी मिळणाऱ्या विजेचे मोल अधिक असल्याने हा व्यवहार फायद्याचा ठरतो. मूळच्या औष्णिक विजेसाठी केलेली ही सोय पुढे सौर विजेच्या काळात नव्याने महत्त्व पावली.

विस्तार व विविधता : १९९१ नंतर वीजनिर्मिती खाजगी क्षेत्रास खुली झाली व २००३ च्या वीज अधिनियमाने निर्मितीवरील परवान्याचे बंधन काढून टाकले. त्याबरोबर मुंबईबाहेर पडण्याची संधी टाटा पॉवरला मिळाली. जुलै २००२ मध्ये उत्तर व वायव्य दिल्लीतील वितरणव्यवस्था दिल्ली सरकारच्या भागीदारीत तिच्याकडे आली. २०२०-२१ मध्ये ओडिशातील वितरणाची जबाबदारीही अशाच भागीदारीने तिने घेतली. मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा तिचा हक्क उपनगरांत वितरण करणाऱ्या कंपनीने नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये टाटा पॉवरच्या बाजूने निकाल दिला व त्यामुळे एकाच भागात दोन वितरक असण्याची भारतात विरळा आढळणारी स्थिती मुंबईत निर्माण झाली.

या काळातील सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे गुजरातमधील कच्छच्या किनाऱ्यावरील मुंद्रा येथील ४,००० मेवॉ.चे औष्णिक केंद्र होय. प्रत्येकी ८०० मेवॉ.चे पाच संच असलेले हे केंद्र २०१२-१३ मध्ये पूर्ण झाले. महाराष्ट्रासह पाच राज्यांना युनिटमागे सरासरी सु. २ रुपये २६ पैसे दराने वीज देण्याचा करार कंपनीने केला होता. त्यासाठी लागणारा कोळसा इंडोनेशियातून आणावयाचा होता व म्हणून २००७ मध्ये तेथील दोन खाणकंपन्यांत भागही घेण्यात आला. परंतु इंडोनेशियाच्या सरकारने निर्यातीचे दर आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडल्यावर सगळे हिशेब चुकले. दरवाढीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ रोजी अमान्य केली. परदेशी कायद्यातील बदल हे करारातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. कंपनीला या केंद्रापायी दीर्घकाळ तोटा सोसावा लागला.

मुंद्रा येथील मच्छीमार व शेतकरी यांनी केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्यामुळे आणि कोळशाच्या धुळीमुळे आपल्या उपजीविकेची हानी झाल्याची तक्रार केली. प्रकल्पास कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त निगमाविरुद्ध त्यांनी अमेरिकेत दावा लावला. अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना न्यायालयीन कारवाईपासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पुढे कनिष्ठ न्यायालयांत हा दावा टिकला नाही, तरी या निर्णयाने विकासप्रकल्पांना कर्ज देणाऱ्या संस्थांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न जगापुढे आणला. मुळशीनंतर सु. नव्वद वर्षांनी पाणी व जमीन यांवर जगणाऱ्या लोकांचा तसाच आक्षेप दुसऱ्या किनाऱ्यावर उमटला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अपारंपरिक ऊर्जा : सूर्यशक्तीशी टाटा समूहाचा संबंध मुंद्रा केंद्राच्या बराच आधीचा आहे. १९८९ मध्ये बीपी सोलर या कंपनीच्या भागीदारीत बंगळुरू येथे सौर घट व पटले तयार करणारी टाटा बीपी सोलर ही कंपनी स्थापन झाली. तिची प्रारंभीची बाजारपेठ दुर्गम खेड्यांतील दिवे, पाणी तापविण्याची साधने, दूरसंचार केंद्रे अशी मर्यादित होती. कारण सौर वीज तेव्हा औष्णिक विजेच्या अनेक पट महाग पडे. २०११-१२ मध्ये विदेशी भागीदार बाहेर पडल्यावर ती पूर्णपणे टाटा पॉवरच्या मालकीची झाली. वाऱ्याच्या बाबतीत अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सुपे येथील पवनचक्क्यांपासून सुरुवात होऊन पुढे त्याच जिल्ह्यातील खांडके, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल इ. ठिकाणी केंद्रे उभारण्यात आली. २००३ च्या अधिनियमानुसार वितरकांनी आपल्या विजेचा ठराविक हिस्सा नवीकरणक्षम उद्‌गमांपासून घेणे बंधनकारक होते. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या आदेशांनी या बंधनास प्रत्यक्ष रूप मिळाले. पवनऊर्जेला आरंभी जो आधार मिळाला, तो मुख्यतः या बंधनाचा होता.

२०११ मध्ये मुळशी येथे ३ मेवॉ.चे, तर २०१२ च्या प्रारंभी गुजरातमधील मिठापूर येथे २५ मेवॉ.चे सौर केंद्र सुरू झाले. मुळशीचे केंद्र आकाराने नगण्य होते, पण त्यानंतरच्या दशकात सौर घटांच्या किंमती इतक्या वेगाने उतरल्या, की नव्या कोळसा-केंद्रापेक्षा नवे सौर केंद्र स्वस्त पडू लागले. २०१६ मध्ये टाटा पॉवरने वेलस्पन समूहाची सु. १,१४० मेवॉ. क्षमतेची, बहुतांशी सौर, केंद्रे विकत घेतली व त्या कंपनीस वळवण रिन्यूएबल एनर्जी असे नाव दिले. १९११ साली ज्या धरणाने कामास प्रारंभ झाला, त्याचेच हे नाव होय. त्यानंतर नवे कोळसा-केंद्र उभारावयाचे नाही, असे धोरण कंपनीने जाहीर केले व २०४५ पर्यंत कार्बनाचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे सौर घट व पटले यांचा मोठा कारखाना काढण्यात आला. भूतानमध्ये २०१५ मध्ये सुरू झालेल्या १२६ मेवॉ.च्या दागाछू जलविद्युत् प्रकल्पातही कंपनीचा भाग आहे. २०२४ च्या सुमारास कंपनीची एकूण निर्मितीक्षमता सु. १५,००० मेवॉ. होती व तीपैकी सु. दोनपंचमांश पाणी, वारा, सूर्य इ. स्वच्छ उद्‌गमांवर आधारलेली होती. उरलेल्यात मुंद्रा केंद्राचा वाटा सर्वांत मोठा होता.

प्रश्न व मर्यादा : कोळशापासून दूर जाण्याच्या मार्गात दोन अडचणी मुख्य आहेत. सूर्य मावळल्यावर मुंबईची मागणी उतरत नाही व वारा मागणीप्रमाणे वाहत नाही, ही पहिली. त्यामुळे विजेच्या साठवणीला असाधारण महत्त्व आले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने महाराष्ट्र शासनाशी शिरवटा येथे १,८०० मेवॉ. व भिवपुरी येथे १,००० मेवॉ.च्या उदंचन प्रकल्पांबाबत सु. १३,००० कोटी रुपयांचा करार केला. दिवसा मिळणाऱ्या सौर विजेवर पाणी घाटमाथ्यावर चढवावयाचे व संध्याकाळी ते खाली सोडावयाचे, अशी ही योजना आहे. शंभर वर्षांपूर्वीचे तलाव अशा प्रकारे विजेचे साठे म्हणून कामी येणार आहेत.

दुसरी अडचण प्रेषणाची. मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली असून दाट वस्तीमुळे तिच्यात उच्च दाबाच्या वाहिन्या आणणे अवघड आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरील वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई व ठाणे परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. शहराचे जालक अलग राखणारी व्यवस्था त्या दिवशी उपयोगी पडली नाही. लोकलगाड्या थांबल्या व रुग्णालयांना स्वतःच्या जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. खारघर–विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी दीर्घकाळ रखडून २०२३ मध्ये सुरू झाली. बाहेरून पुरेशी वीज आणण्याची खात्री होईपर्यंत तुर्भ्याचा कोळसा सोडता येत नाही. आणि तो सुटत नाही तोवर माहुल-चेंबूरच्या रहिवाशांना हवेच्या प्रदूषणाचा भार सोसावा लागतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा आहे व तो जलविद्युतेइतकाच जुना आहे. तिन्ही योजना मिळून भीमा खोऱ्यातील दरवर्षी सरासरी सु. ४२ अब्ज घनफूट पाणी कोकणात वळवितात. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७० नंतरच्या दशकात या वळणावर मर्यादा घातली. हेच पाणी पूर्वेकडे सोडले, तर पुणे व सोलापूर जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त भागास मिळेल, असा एका बाजूचा आग्रह आहे. उलट वीजकेंद्रांतून बाहेर पडणारे पाणी उल्हास, पाताळगंगा व कुंडलिका या नद्यांत जाते आणि त्यावर कोकणातील शेती, शहरांचा पाणीपुरवठा व औद्योगिक वसाहती गेली कित्येक दशके उभ्या आहेत. त्यामुळे हा वाद केवळ कंपनी व शेतकरी यांच्यातील न राहता घाटमाथ्याच्या दोन बाजूंच्या लोकांमधील वाद बनला आहे. उदंचन पद्धतीत तेच पाणी वारंवार वापरले जात असल्याने ती रूढ झाल्यास कमी पाण्यात वीज मिळू शकेल व वाटपाचा नवा विचार करण्यास काही अवसर राहील. मात्र तो विचार करणे हे वीजसंस्थेचे नसून शासनाचे काम आहे.

मूल्यमापन : टाटा विद्युत् कंपन्यांच्या इतिहासात इंधनाची निवड प्रत्येक वेळी त्या त्या काळातील किंमत, कायदा व भूगोल यांवरून ठरली. पाण्याकडे त्या वळल्या, ते मुंबईजवळ कोळसा नव्हता म्हणून. तेलाकडे व कोळशाकडे वळल्या, ते धरणांच्या जागा संपल्या म्हणून. वारा व सूर्य यांकडे वळल्या, ते कायद्याचे बंधन आले व पुढे किंमतीही उतरल्या म्हणून. हवेची शुद्धता हा त्यांतील एक लाभ होता. पहिल्या वेळी तो गिरणगावाला मिळाला आणि त्याची किंमत मुळशीच्या मावळ्यांनी दिली. सौर व पवन केंद्रांनाही विस्तीर्ण जमिनी लागतात व उदंचन प्रकल्पांना घाटातील वनक्षेत्र. म्हणून वीज कोणत्या उद्‌गमापासून मिळते याच्या जोडीला, ज्यांची जमीन व पाणी तिच्यासाठी लागते त्यांची संमती, भरपाई व लाभातील वाटा यांची तरतूद कशी केली जाते, यावर या नव्या संक्रमणाचे खरे यश अवलंबून राहील.